दम आधी परत येतो, पाय मागून

प्रिय ताई,

माझं वय ४४. कॉलेजात ८०० मीटर धावायचो, बऱ्यापैकी धावायचो. तेव्हा वजन ६२ किलो होतं, आज ८६ आहे. नोकरी पूर्ण बैठी, रात्री झोपायला बारा वाजतात. गेल्या दीड वर्षात तीनदा नव्याने सुरुवात केली. प्रत्येक वेळी पहिले दोन आठवडे झकास गेले आणि मग काहीतरी दुखायला लागलं. पहिल्यांदा नडगी, मग टाचेच्या वरची शीर, आणि आता उजवा गुडघा (तो दुखत असतानाही, ठरवलं होतं म्हणून, आणखी पाच दिवस धावलो). दुखणं थांबेपर्यंत सवय मोडते. बायको 'आरंभशूर' म्हणते. हसत म्हणते, पण लागतं. सोबत मी केलेलं वेळापत्रक पाठवतोय. चालेल का? नसेल तर तुम्हीच एक करून द्या. आणि खरं सांगा, माझ्यात चिकाटीच नाही का? (कॉलेजातले बूट अजून जपून ठेवलेत. तेच वापरले तर चालतील ना?)

– एकेकाळचा धावपटू

---

नमस्कार धावपटू,

'एकेकाळचा' मी मुद्दाम गाळलं.

तुमचं वेळापत्रक मी आधी पाहिलं आणि पत्र नंतर वाचलं. तीन रंगांत आखलंय, रकाने सरळ आहेत, रविवार लाल. सोमवार ते शनिवार पहाटे सव्वापाचला उठायचं, ५ किलोमीटर धावायचं, मग १०० जोर, १०० बैठका, दहा मिनिटं पोटाचे व्यायाम. रविवारी 'लांब पल्ला', आणि तळाशी 'रोज १०,००० पावलं'. पत्र वाचायच्या आधी मला वाटलं, हे पाठवणारा पोरगा विशीतला असणार आणि त्याला कुठल्यातरी स्पर्धेत उतरायचं असणार. पत्र उघडलं तर तुम्ही ४४ वर्षांचे. म्हणजे वेळापत्रक लिहिणारा आणि ते पाळणारा ही दोन वेगळी माणसं आहेत. लिहिणाऱ्याला आठवतंय की आपल्याला काय जमायचं. पाळणाऱ्याचा गुडघा दुखतोय.

आता पत्राकडे येते. त्यात एक वाक्य तुम्हीच लिहिलंत आणि त्याच्यावरून तसेच पुढे निघून गेलात: 'प्रत्येक वेळी पहिले दोन आठवडे झकास गेले.' तीन वेळा सुरुवात केलीत. तिन्ही वेळा दुखणारी जागा वेगळी, पण दुखण्याची वेळ एकच. चिकाटी कमी पडणारा माणूस इतका वक्तशीर नसतो. तो कधी चौथ्या दिवशी सोडतो, कधी पावणेदोन महिन्यांनी, कधी पाहुणे आले म्हणून, कधी पाऊस आला म्हणून. तुम्ही दर वेळी तिसऱ्या आठवड्यात अडकताय, आणि त्याचं कारण तुमच्या स्वभावापेक्षा पोटरीच्या खाली आहे.

बरीच वर्षं बसून काढलेलं शरीर पुन्हा हलायला लागलं की त्याचे सगळे भाग एका वेगाने सुधारत नाहीत. पहिला सुधारतो दम. नियमित चालू-धावू लागल्यावर काही दिवसांतच रक्तातला प्लाझ्मा, म्हणजे पातळ द्रव, वाढतो, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं, आणि ज्या जिन्यावर धाप लागायची तिथे आपण फोनवर बोलत चढतो. त्याच्या मागोमाग येते ताकद. सुरुवातीची ही ताकद स्नायू वाढून आलेली नसते. मेंदू आणि मज्जातंतू आहेत त्याच स्नायूंना जास्त चांगलं कामाला लावायला शिकतात, एवढंच. पण वाटतं मात्र असं की जुने दिवस परत आले.

मागे राहतात त्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या. टाचेच्या वरची जी 'शीर' तुम्ही लिहिलीत ती त्यातलीच एक. स्नायूंच्या मानाने त्यांना रक्त बेताचंच मिळतं, आणि नव्या भाराला सरावायला त्यांना आठवडे पुरत नाहीत, महिने लागतात. हाडाची तर आणखी वेगळी तऱ्हा. भार वाढला की हाड आधी जुना भाग पोखरून काढतं आणि मग तिथे नवं भरतं. घराच्या डागडुजीत भिंत आधी फोडावी लागते, तसंच. म्हणजे मधले काही आठवडे ते थोडं कच्चं असतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत तुमचा दम म्हणतो, 'एवढ्यावर काय थांबतोस? अजून एक किलोमीटर!'

जरा हिशोब मांडू. धावताना पाऊल जमिनीवर पडतं तेव्हा शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट जोर पायावर येतो. ६२ किलोला तो १५५ किलोच्या आसपास होता, ८६ किलोला २१५. एका पावलामागे ६० किलोचा फरक. सावकाश धावणारा माणूस एका किलोमीटरला हजाराच्या वर पावलं टाकतो, म्हणजे तुमच्या ५ किलोमीटरला पाच हजारांवर, त्यातली निम्मी उजव्या पायावर. आठवड्याचे सहा दिवस. वर रविवारचा लाल रकाना. आता त्या गुडघ्याने कुरकुर केली तर मी त्याला दोष देणार नाही.

याचा अर्थ धावण्याने गुडघे झिजतात असा काढू नका. ती भीती बऱ्याच घरांत आहे आणि ती तितकीशी खरी नाही. हौसेने, बेताने धावणाऱ्या लोकांत गुडघ्याची झीज बसून राहणाऱ्यांपेक्षा जास्त आढळत नाही. तुम्हाला धावणं सोडायचं नाहीये. तुम्हाला ते थोडं उशिरा सुरू करायचंय.

या तिसऱ्या आठवड्यात मी स्वतः पडलेय, म्हणून इतक्या ठामपणे सांगते. तेव्हा मी ४६ वर्षांची होते आणि तीन वर्षं काही केलं नव्हतं. मग बॅडमिंटन पुन्हा सुरू केलं. पंधरा दिवसांत हात बसला, धाप लागेनाशी झाली. सतराव्या दिवशी जाळीजवळचा एक फटका घ्यायला पुढे झेपावले आणि डाव्या पोटरीवर कुणीतरी मागून दगड मारावा तसं झालं. मी वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. पोटरीचा स्नायू फाटल्यावर लोक हुबेहूब हेच वर्णन करतात, ते मी शंभर वेळा ऐकलेलं होतं, लिहूनही घेतलेलं होतं. तरी वळून पाहिलं. सहा आठवडे लंगडत रुग्ण तपासले. 'काय झालं?' असं प्रत्येकाने विचारलं आणि प्रत्येकाला खरं सांगावं लागलं, ती शिक्षा पोटरीच्या दुखण्याहून मोठी होती.

आता तुम्हाला उभारी येईल अशी एक गोष्ट. १९६६ साली अमेरिकेत डॅलसमध्ये पाच निरोगी तरुणांना, सगळे विशीतले, तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवलं, मग काही आठवडे व्यायाम करायला लावला, आणि दर टप्प्याला त्यांची क्षमता मोजली. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाचजणांना पुन्हा बोलावलं. तोवर ते पन्नाशीचे झाले होते आणि त्यांचं सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेलं होतं. निघालं असं, की तीस वर्षांच्या वयाने त्यांचा दम जेवढा कमी केला होता त्यापेक्षा जास्त त्या तीन आठवड्यांच्या झोपण्याने केला होता. पुढे त्यांना सहा महिने व्यायाम दिला: चालणं, हळू धावणं, सायकल, भार हळूहळू वाढवत. सहा महिन्यांनी त्यांचा दम विसाव्या वर्षी, त्या झोपण्याच्या आधी, होता तिथे सरासरीने परत आला. विशीत व्यायाम करून त्यांनी जो कळस गाठला होता तो मात्र पुन्हा कुणालाच गाठता आला नाही. मला या गोष्टीतला हा शेवटचा तुकडाही आवडतो. पाचच माणसं होती, त्यावरून जगाचे नियम काढू नयेत. पण तुमच्यासाठी त्यातला एक आकडा मी अधोरेखित करीन: सहा महिने. तुम्ही स्वतःला दिलेत पंधरा दिवस.

तर तुमचं वेळापत्रक चालणार नाही. ते फाडू नका, एवढ्या मेहनतीने आखलंय. पुढच्या वर्षी काढून बघा. तोवर हे घ्या.

पहिले चार आठवडे धावणं बंद. (वाचताना तोंड वाकडं झालं ना? होऊ दे.) आठवड्यातून चार दिवस भरभर चालायचं. भरभर म्हणजे बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. याहून चांगलं मोजमाप घड्याळातही नाही. पहिल्या आठवड्यात २५ मिनिटं, दुसऱ्यात ३०. तिसऱ्या आठवड्यातही ३०, एक मिनिटसुद्धा वाढवायचं नाही. त्या आठवड्यात तुम्हाला फार बरं वाटेल आणि हात शिवशिवतील. शिवशिवू देत. चौथ्यात ३५. उरलेल्या दिवसांपैकी दोन दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, ताकदीचा व्यायाम, पंधरा-वीस मिनिटं. एक दिवस काहीच नाही, तो दिवस तुम्ही निवडा.

ताकदीच्या व्यायामात चारच गोष्टी ठेवा. पहिली खुर्चीवरची बैठक, आणि ती नीट समजावते, कारण '१०० बैठका' लिहिणारे बहुतेक लोक ती चुकीची करतात. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, चाकांची नको. पुढच्या कडेवर बसा, पावलं खांद्यांच्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे, हात छातीवर आडवे. आता उठा. उठायला एक सेकंद. खाली जाताना मात्र मनात सावकाश चार मोजायचे. तीनपर्यंत सगळं छान चालतं. शेवटचं वीतभर अंतर राहिलं की शरीर धपकन सोडून द्यावंसं वाटतं, आणि खरं काम तिथेच आहे. टेकल्याचा आवाज आला तर ती बैठक मोजायची नाही. अशा प्रामाणिक बैठका तुम्ही पहिल्या दिवशी किती काढाल? माझा अंदाज, आठव्याला मांड्या थरथरतील. पहिल्या आठवड्यात आठचा एकच फेरा. मग दोन, मग तीन.

दुसरी, टाचा उचलणं. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं, हात भिंतीला. दोन्ही टाचा वर, आणि सावकाश खाली. दहा-बारापासून सुरुवात. हे दिसायला बावळट वाटतं आणि तुमच्या तिन्ही दुखण्यांपैकी दोन, नडगी आणि टाचेची शीर, यांच्याशी त्याचा सगळ्यात जवळचा संबंध आहे. टाचेची शीर अजून दुखत असेल तर पायरी नको, सपाट जमिनीवर करा. तिसरी गोष्ट जोर, पण जमिनीवरचे नाहीत. आधी भिंतीवर, मग भक्कम टेबलाच्या कडेवर, मग जमिनीवर. चौथी ओढण्याची: पिशवीत चार जाडजूड पुस्तकं घाला, एक हात खुर्चीवर टेकून पुढे वाका, पाठ सरळ ठेवून पिशवी कमरेपर्यंत ओढा, सावकाश खाली सोडा. दिवसभर खांदे पुढे घालून बसणाऱ्याला जोरांपेक्षा याची गरज जास्त असते, आणि घरचं वेळापत्रक आखताना हाच व्यायाम हमखास विसरला जातो. तुमच्यातही नव्हता.

पोटाचे दहा मिनिटांचे व्यायाम मी काढून टाकले. पोटाच्या व्यायामाने पोटाची चरबी उतरत नाही.

धावायचा परवाना कधी? दोन गोष्टी जमल्या की. एक, अर्धा तास भरभर चालून दुसऱ्या दिवशी सकाळी काहीही दुखत नाही. दोन, एका पायावर उभं राहून तीच टाच सलग वीस वेळा पूर्ण वर उचलता येते, आधी एक पाय, मग दुसरा. चार आठवड्यांत जमलं तर पाचव्यापासून, सहा लागले तर सातव्यापासून. परवाना मिळाला की एक मिनिट हळू धावायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. म्हणजे चोवीस मिनिटांत धावणं फक्त आठ मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस, सलग दोन दिवस कधीच नाही. दर आठवड्याला एकच गोष्ट वाढवायची: धावण्याची मिनिटं वाढवलीत तर वेग तोच, वेग वाढवलात तर मिनिटं तीच. दर चौथ्या आठवड्यात थोडं कमी करायचं. साधारण तिसऱ्या महिन्याच्या शेवटी पाच मिनिटं धावणं आणि एक मिनिट चालणं, असं पाचदा जमावं. सलग ५ किलोमीटर चौथ्या महिन्यात. तुमच्यासारख्या ८०० मीटरवाल्याला इतकं हळू धावणं अपमानाचं वाटेल हे मला ठाऊक आहे. शेजारून कुणी चालत पुढे गेलं तरी चालेल, इतकं हळू.

हे एवढं कमी करून काही उपयोग होतो का, असं तुम्ही विचारणार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी जे माप दिलं ते आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम, किंवा ७५ ते १५० मिनिटं दमवणारा, आणि शिवाय किमान दोन दिवस ताकदीचा. चौथ्या आठवड्यात तुमचं नुसतं चालणंच १४० मिनिटं होतंय, ताकदीचे दोन दिवस वेगळे. त्याच वेळी त्यांनी 'एका दमात निदान दहा मिनिटं' ही जुनी अटही काढून टाकली. त्यामुळे ऑफिसचा जिना आणि फोनवर बोलताना घातलेल्या फेऱ्याही हिशोबात धरा. १०,००० पावलांचं मात्र मनावर घेऊ नका. तो आकडा जपानमध्ये १९६५ साली बाजारात आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आलाय. त्या नावाचा अर्थच 'दहा हजार पावलं मोजणारं'. आकडा गोल आहे, छान आहे, पण साडेसहा हजार चाललात म्हणून तो दिवस वाया गेला असं काही नाही.

दुखणं कुठलं चालेल आणि कुठलं नाही, हे कळायला हवं, नाहीतर तुम्ही एकतर घाबरून थांबाल किंवा दात-ओठ खात रेटाल. तुम्ही रेटणारे आहात. गुडघा दुखत असताना 'ठरवलं होतं म्हणून' आणखी पाच दिवस धावलो, हे पत्रात कंसात घातलं होतंत, ते मी वाचलं. आरंभशूर माणूस असं करत नाही. उलट थोडासा आरंभशूरपणा त्या पाच दिवसांत उपयोगी पडला असता.

नव्या व्यायामाने अंग दुखणं साहजिक आहे. दोन्ही मांड्या दुखतात, दाबलं की बरं वाटतं, 'कुठे दुखतंय?' विचारलं तर आपण अख्खा तळहात फिरवतो. हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं आणि मग आपोआप ओसरतं. लॅक्टिक ॲसिड साठल्यामुळे असं होतं ही जुनी समजूत. ते तर व्यायामानंतर तासाभरात निघून जातं. स्नायू लांब होत असताना भार पेलतो, म्हणजे खाली बसताना, उतार उतरताना, तेव्हा त्याच्या धाग्यांना बारीक इजा होते आणि तीच दुखते. चार मोजत खाली बसायला सांगितलंय, म्हणजे पहिल्या आठवड्यात हे दुखणं येणारच. जिना उतरताना मला शिव्या द्याल.

दुसऱ्या जातीचं दुखणं एकाच बाजूला असतं आणि ते एका बोटाने दाखवता येतं. 'इथे.' सकाळी पहिली चार पावलं टाकताना ते चावतं. त्याला दहापैकी मार्क द्या. व्यायाम करताना तीनपर्यंत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखं असेल, तर चालू ठेवा. तीनच्या वर गेलं किंवा सकाळी वाढलेलं असलं, तर मागच्या आठवड्याच्या मापावर जा. पूर्ण बंद मात्र करू नका. तुम्ही तिन्ही वेळा पूर्ण बंद केलंत, आणि सवय मोडली ती तिथे. गुडघा दुखत असताना जोर काढता येतात, पिशवी ओढता येते. शूज घालून दाराबाहेर पडायची वेळ तीच ठेवायची, त्या वेळात काय करायचं ते बदलायचं.

सवयीचं म्हणाल तर '२१ दिवसांत सवय लागते' हे तुम्ही कुठेतरी ऐकलं असणार. लंडनमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर हे पाहिलं. एखादी गोष्ट आपसूक व्हायला लागायला मधला आकडा निघाला ६६ दिवस. कुणाला १८ पुरेसे ठरले, कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. आणि एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. हा एखाद्या चुकलेल्या दिवसाचा मुद्दा तुमच्यासारख्या रकानेवाल्या लोकांना पटत नाही. एक चौकट रिकामी राहिली की त्यांना अख्खा कागद खराब झाल्यासारखा वाटतो.

म्हणून एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा: तुमच्या सगळ्यात वाईट दिवशी तुम्ही काय करणार. मुलाला ताप आहे, ऑफिसातून नऊला आलात, डोकं दुखतंय, अशा दिवशी. माझ्या मते एवढं पुरे: बूट घालायचे, आठ बैठका, दहा वेळा टाचा वर, बूट काढायचे. चार मिनिटं. तो दिवस झाला म्हणून खूण करायची, अर्धी नाही, पूर्ण. तुमचं मूळ वेळापत्रक चांगल्या दिवसासाठी आखलेलं होतं, आणि तसे दिवस महिन्यात फार तर सहा-सात येतात. स्वतःला ताप असेल तर मात्र चार मिनिटंही नकोत, झोपा. आठवडाभर आजारी पडलात तर परत येताना निम्म्यापासून सुरू करा.

पहाटे सव्वापाच हा हट्टही सोडा. तुम्ही बाराला झोपता असं लिहिलंय. झोप कापून केलेला व्यायाम तिसऱ्या आठवड्यातल्या दुखण्याचं काम आणखी सोपं करतो, कारण दुरुस्ती झोपेतच होते. संध्याकाळी घरी आल्यावर सोफ्यावर बसायच्या आधी, ही वेळ बऱ्याच जणांना जमते. बसल्यावर जमत नाही.

वजनाबद्दल थोडक्यात. ८६ किलोचा माणूस ५ किलोमीटर भरभर चालला तर साधारण ३०० कॅलरी जातात, आणि एक किलो चरबी म्हणजे ७,७०० च्या आसपास. पंचवीस फेऱ्यांना एक किलो. काटा खाली यायला ताटातून कमी व्हावं लागतं. तो वेगळा विषय, वेगळं पत्र लिहा. व्यायामाचा न्याय काट्याकडे देऊ नका, जिन्याकडे द्या.

आणि एक काम सुरू करण्याआधीच. वय चाळिशीच्या पुढे, बैठं काम, इतक्या वर्षांचा खंड: एकदा डॉक्टरांकडून रक्तदाब आणि साखर बघून घ्या. घरात कुणाला लहान वयात हृदयविकार झाला असेल तर तेही सांगा. चालताना छातीत दाब किंवा जबड्यात, डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, डोळ्यांपुढे अंधारी असं काही झालं तर तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. आराम करूनही छातीतला दाब गेला नाही तर थेट तातडीची मदत मागायची. तिथे मार्क द्यायचे नाहीत. गुडघा सुजला असेल, अडकत असेल किंवा मध्येच दगा देत असेल, तर तोही आधी दाखवा, बैठका नंतर.

बायकोच्या शब्दाचं काय करायचं? त्यांना हे पत्र वाचायला द्या, आणि शनिवारच्या चालण्याला सोबत घेऊन जा. बोलता यावं पण गाता येऊ नये हे तपासायला समोर कुणीतरी बोलणारं लागतंच.

राहता राहिले बूट. नाही चालणार. बुटाच्या तळव्यातला मऊ थर नुसता ठेवूनही वर्षांनुवर्षांत कडक होतो, भुसभुशीत होतो; वरून धडधाकट दिसतो आणि तिसऱ्या दिवशी तुकड्यांत निघतो. नवे घ्या. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे पसरलेले असतात. ज्या मोज्यांत चालणार तेच घालून जा, आणि अंगठ्यापुढे बोटभर जागा राहते का ते उभं राहून बघा, बसून नाही. दुकानातच दहा पावलं टाका. 'वापरून सैल होतील' असं कुणी म्हणालं तर घेऊ नका. जुने कपाटात राहू द्या. वीस वर्षं राहिलेत, त्यांची तिथे काही तक्रार नाही.

– तुमची ताई